ती बाई पहिल्या खेपेत पोचली नव्हती

शकील, तुझ्या मातीला मी पोचलो नाही. आलापल्लीहून निघालेली बस चामोर्शीच्या अलीकडे बंद पडली आणि मी आपल्या मूल गावात उतरलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. बसमध्ये बसल्या बसल्या आपल्याला रडू येणार असं मला वाटत होतं. आलं नाही. त्याऐवजी आपला तो सिनेमाचा वाद आठवला आणि तो अर्धवट टाकून गेल्याबद्दल तुझा रागच आला. मागच्या दिवाळीत मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तू हसून म्हणाला होतास, "सांगतो ना, पुढच्या खेपेले येजो, तवा सांगतो." आता मी कोणाला विचारू?

अशा लेखात माणसाचं जन्मगाव, शिक्षण, स्वभाव वगैरे लिहायची पद्धत आहे. मूलमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे आणि मूलच्या बाहेर कोणाला त्याच्याशी देणंघेणं नाही. आठवडाभर ताप होता, तो डोक्यात गेला, एवढंच मला फोनवर कळलं. मी चंद्रपूरच्या पेपरात रविवारी सिनेमावर लिहितो, तू ते वाचून दर सोमवारी मला शिव्या द्यायचास. तेव्हा हा लेखही सिनेमावरच आहे असं समज. एक सोमवार कमी झाला, हे मला नीट जाणवतं आहे.

सिनेमा तुला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगावा लागेल. हिंदीत डब केलेला परदेशी सिनेमा. पोस्टरवर एक नाव होतं आणि पडद्यावर दुसरंच आलं, म्हणून मी नावाच्या भानगडीत पडत नाही. अवकाशात बंद पडलेलं एक यान, आत एकटी बाई जिवंत. ती काचेच्या पेटीत जागी होते, उठते आणि लांबच लांब बोळातून चालत निघते. वरून लोखंडी दार कोसळतं आणि ती मरते. मरते म्हणजे मरतेच. लगेच पुन्हा त्याच काचेच्या पेटीत डोळे उघडते, कारण यानातलं एक यंत्र तिला नव्याने घडवतं. अंग नवं, कपडे नवे, आठवण मात्र जुनी. पुन्हा तोच बोळ. या वेळी ती दार पडायच्या आधी वाकते, थोडी पुढे जाते आणि तिच्या पायाखालची फरशी खचते. पुन्हा पेटी. असं करत करत ती बाहेरच्या दारापर्यंत येते. तिथे यंत्राचा आवाज तिला सांगतो की या दारापलीकडे माझं काही चालत नाही, तिथे मेलीस की मेलीस. ती उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहते. मग पाय बाहेर टाकते आणि सिनेमा संपतो.

तेव्हा मी मूलच्या वनखात्याच्या कार्यालयात कारकून होतो आणि तुझं व्हिडिओ गेमचं दुकान टॉकीजच्या समोर होतं. पत्र्याच्या पाटीवर निळ्या रंगात 'शकील व्हिडिओ गेम', आत तीन टीव्ही, आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारून पुन्हा लावायची, एवढंच तंत्रज्ञान. शुक्रवारी तो सिनेमा लागला आणि पहिल्याच खेळाला मूलच्या जाणत्या पब्लिकने टॉकीज डोक्यावर घेतली. बाई दुसऱ्यांदा पेटीतून उठली तेव्हा शिट्ट्या सुरू झाल्या, तिसऱ्यांदा उठली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, तेच रीळ लावून राह्यला! ऑपरेटर पिऊन आहे का?" चौथ्यांदा उठली तेव्हा राइस मिलवाल्या मंडळींची आख्खी रांग उठून निघून गेली.

पुढच्या बाकांवर तुझ्या दुकानातली पोरं होती. त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्यांदा दार पडलं तशी ती एका आवाजात ओरडली, "गेली लाईफ!" आणि पेटी उघडली तशी सावरून बसली. मी चिडून पडद्याकडे बघत होतो, तू माझं तोंड हाताने वळवलंस. "पडदा काय पाह्यतो? पोरायचे हात पाह्य." अंधारात त्यांचे अंगठे मांड्यांवर हलत होते. बाई वाकली की अंगठे खाली, उडी मारली की वर. त्या दिवसापासून मी कुठल्याही टॉकीजमध्ये पडद्याइतकाच लोकांकडे बघतो. माझ्या लिहिण्यात जे काही बरं असेल ते तिथून आलं, आणि हे तुला मी तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू ते गावभर सांगत फिरला असतास.

त्या संध्याकाळी दुकानात वाद सुरू झाला. मी माझं मत ठणकावून सांगितलं. या पोरांना मरण खोटं वाटतं, म्हणून हा सिनेमा आवडतो. मेला, बटण दाबलं, उठला. दुखणं नाही, रडणं नाही.

"हॅट्," तू म्हणालास. "साऱ्या उलट्या गोष्टी. तुह्या सिनेमातला हिरो मरते का कधी? त्याले गोळी लागते तं खांद्याले लागते. तुह्या पब्लिकलेच मरन खोटं वाटते. माह्या पोरायले मालूम आहे, मेलं का पार सुरूपासून या लागते. तोच पूल, तेच खड्डे, तेच उडते कासव. मरन काय असते ते त्यायलेच विचार."

मी म्हणालो, ठीक आहे, पण मग त्या बाईत त्यांना एवढं काय दिसलं? ना गाणं, ना मारामारी, ना धड गोष्ट.

"तिच्या हाती काय राह्यते सांग. कपडा नाई, हत्यार नाई, मांगचं काईच नाई. खड्डा कुठी आहे, तेवढं मालूम राह्यते. बस. पोरं तेच पाह्यून राह्यले. ती दिसते कशी, तिचा लव्हर कोन, त्यायले काई घेनं नाई. ह्या डावाले तिले नवीन काय कळलं, एवढंच."

मला ते पटलं, पण पटलं म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती. मी दुसरी बाजू काढली. मग त्यांनी गेमच खेळावा, सिनेमात त्यांच्या हातात बटण कुठे आहे? त्यावर तू शेवटच्या टीव्हीकडे बोट दाखवलंस. एक जण खेळत होता आणि त्याच्या मागे घोळका उभा होता. घोळकाच जास्त ओरडत होता, डावीकडं, डावीकडं, उडी मार बे! "त्यायच्या हातात तरी कुठी आहे बटन?" तू म्हणालास. "रोज येतात, उभे राह्यतात, दुसऱ्याचा खेळ पाह्यतात अन् खूश होऊन घरी जातात. काऊन जातात सांग. ते तुले समजलं तं सिनेमाही समजन."

मला ते समजलं नाही. वर्षं गेली, मी आलापल्लीला बदलून गेलो, तिथे सागवानाच्या डेपोत बसून ओंडक्यांचे आकडे लिहिता लिहिताही मी त्यावर विचार केला. दर भेटीत मी नवं उत्तर घेऊन यायचो आणि तू नकाराची मान हलवायचास. तुला ते सापडलं होतं, हे नक्की. आता ते तुझ्याजवळच राहिलं.

ही झाली गमतीची बाजू. दुसरी बाजू तुझ्या अब्बांची आहे, आणि खरं तर मी तिच्यासाठीच लिहायला बसलो आहे.

त्यांना मी चाचा म्हणतो, आख्खं मूल 'मास्टर' म्हणतं. शाळेच्या हाफपँटपासून लग्नाच्या कोटापर्यंत अर्ध्या गावाच्या अंगावर त्यांची शिलाई होती. थंडीत झाडीपट्टीतली नाटकं सुरू झाली की कंपन्यांचे कपडेही तेच शिवायचे. राजाचा अंगरखा, इन्स्पेक्टरची वर्दी, खलनायकाचा चकाकता कोट. कमी बोलणारा माणूस. शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे, की शिलाई उसवता येते पण कापलेलं कापड जोडता येत नाही, म्हणून कातर हातात घ्यायच्या आधी सगळं ठरलेलं पाहिजे. तुला हे पाळण्यातच ऐकवलं असणार. तू मात्र बी.एस्सी. दोनदा अर्धवट सोडलीस, मग टेलिफोनचं बूथ काढलंस, मग गाणी भरून देण्याचं दुकान, मग कूलर दुरुस्ती. प्रत्येक वेळी मोडलं, प्रत्येक वेळी तू हसत हसत दुसरं काढलंस. गेमचं दुकान चाचांच्याच गाळ्याच्या अर्ध्या भागात होतं. मधे प्लायवूडची भिंत. पलीकडून मशीनची टकटक आणि अलीकडून गेमची टींव टींव, पण चाचांनी त्या भिंतीच्या अलीकडे कधी पाऊल टाकलं नाही.

सिनेमा लागायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी तुला सांगितलं होतं की हा लग्नसराईचा मोसम आला, भिंत काढतो, दुसरी मशीन टाकतो, तू तिच्यावर बस. ओरडून नाही, शांतपणे. तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला मी.

"त्यायनं एकदा पाह्यलं पाह्यजे, मी काय करून राह्यलो ते," तू म्हणालास. "मंग बंद कर म्हटलं तं करतो. न पाह्यताच काऊन म्हणतात?"

शुक्रवारचा खेळ पाहून तुला ती युक्ती सुचली. अब्बांच्या हातात रिमोट देणं शक्य नव्हतं, पण त्यांना खुर्चीवर बसवणं शक्य होतं. बाई मरते, उठते, थोडी पुढे जाते. तुझ्या दुकानात दिवसभर हेच चालतं. मी म्हणालो, राइस मिलवाले उठून गेले, मास्टर काय थांबणार? त्यावर तू जे बोललास ते मला आजही आवडतं. "अब्बानं झाडीपट्टीची नाटकं पाह्यली आहेत. हिरो छातीत सुरा खाऊन पडते, मरते, पब्लिक म्हणते वन्स मोअर. मंग मेलेला उठते, सारं गानं पुन्हा म्हणते, पुन्हा मरते. अब्बा विंगेत सुईदोरा घेऊन बसून राह्यत. त्यायले मेलेला माणूस उठला तं काई वाटत नाई. मूलमध्ये कोनाले समजन तं त्यायलेच समजन."

आणि चाचा चक्क हो म्हणाले. रविवारी तीनचा खेळ ठरला. धुतलेला पांढरा कुडता, टोपी, खिशात अत्तराचा बोळा. किती वर्षांनी ते टॉकीजमध्ये जात होते कोण जाणे. तू त्यांना मधल्या रांगेत बसवलंस, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी.

आपल्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की ऑपरेटर बंडूभाऊंनी त्या दिवशी सकाळपासून खपून सिनेमा 'दुरुस्त' केला होता.

बंडूभाऊंचं फार चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तीनचा खेळ खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या बसच्या आधी सुटला पाहिजे, म्हणून मूलच्या टॉकीजमध्ये सिनेमे नेहमीच थोडे कापले जायचे. एखादं गाणं, एखादी लांबण. परत पाठवताना तुकडे जसेच्या तसे जोडून द्यायचे. पण शुक्रवारी आणि शनिवारी पब्लिकने त्यांना दारुड्या म्हटलं, आणि बंडूभाऊंनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांची खात्री पटली की प्रिंटमध्येच घोटाळा आहे, एकेक भाग चुकून दोनदोनदा आला आहे. म्हणून त्यांनी रविवारी सकाळी ब्लेड घेऊन सगळे 'डबल' भाग काढले. बाईचं प्रत्येक मरण आणि त्यानंतरचं प्रत्येक उठणं.

दिवे गेले. बाई पेटीत जागी झाली, बोळात आली. तू चाचांच्या कानाशी वाकलास. "अब्बा, अब देखो. अब दरवाजा गिरता."

दार कोसळलं. बाई वाकून सफाईने पलीकडे गेली.

"बच गई," चाचा म्हणाले.

तू चाचांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं पाहिलं. फरशी खचायच्या जागी बाईने उडी मारली. आग यायच्या जागी ती आधीच भिंतीला चिकटून उभी राहिली. पुढची पोरं बुचकळ्यात पडून एकमेकांकडे बघायला लागली, त्यांचे अंगठे मांड्यांवर तसेच थांबले. तू उठून ऑपरेटरच्या खोलीकडे पळालास. मध्यंतरात परत येऊन जागेवर बसलास. नंतर तू सांगितलंस की खोलीत खिळ्यांवर फिल्मचे तुकडे ओळीने टांगले होते आणि बंडूभाऊ घाम पुसत म्हणाले, "शकीलभाऊ, सारं डबल होतं ते काढलं. आता पाह्य कसं सुरळीत चालून राह्यलं." त्या माणसाला इतकं समाधान झालं होतं की तुला त्याच्यावर ओरडवलं नाही. सिनेमा फारच आखूड झाला म्हणून त्यांनी मध्यंतरानंतर दुसऱ्याच कुठल्या हिंदी सिनेमातलं एक गाणं जोडलं होतं. बर्फात नाचणारी जोडी. चाचांना ते गाणं बरं वाटलं.

शेवटी बाई दारात उभी राहिली. यंत्राचा आवाज मरणाचं बोलला, पण कापलेल्या सिनेमात ती एकदाही मेली नव्हती, त्यामुळे तिला थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं. आतापर्यंत न चुकता आलेली बाई उघड्या दारात उगाच घुटमळते आहे, असं दिसत होतं. "जा ना बाई!" कोणीतरी मागून ओरडलं. ती गेली. पब्लिक खूश होऊन बाहेर पडलं, आणि बस मिळणार म्हणून आणखी खूश.

पायऱ्यांवर चाचांनी चपला नीट केल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई हुशार आहे. कुठीच चुकली नाई. पहिल्या खेपेतच पोचली." मग तुझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "देखा बेटा? ऐसा रहना पड़ता." थोडं पुढे गेल्यावर त्यांना धंद्यातली गोष्ट आठवली. "कपडे शिवनारा मात्र येडा. बाही फाटली, मंग कोरी झाली, मंग दुसरीकडून फाटली. नाटकात मी असं केलं असतं तं कंपनीवाल्यानं हाकलून देल्लं असतं."

मी तोंड उघडलं. तू माझा दंड इतक्या जोरात दाबलास की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

चाचा नमाजाला गेले आणि आपण चहाच्या टपरीवर भांडलो. मी म्हणालो, सांग त्यांना. तू म्हणालास, काय सांगू, बंडूभाऊनं मरन कापून टाकलं म्हनून? मी म्हणालो, हो, तेच सांग, आणि तुकडे जोडून पुन्हा दाखव. पण प्रिंट सकाळच्या गाडीने पुढच्या गावाला जाणार होतं. बंडूभाऊ तुकडे जोडायला बसलेही होते.

"राहू दे बे," तू म्हणालास. "इतक्या वर्सानं सिनेमा पाह्यला त्यायनं. त्यायले आवडला. त्यायच्या तोंडातून घास काऊन काढू?"

"मग मी सांगतो."

"तू नाई सांगाचं. माह्यी कसम."

शकील, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तरी बोलतो. तुझा चांगुलपणा मला कित्येकदा आळसासारखा वाटायचा. कोणाला दोन शब्द समजावून सांगण्यापेक्षा तू सरळ दुसरं दुकान काढायचास. प्लायवूडची भिंत निघाली. टीव्ही माळ्यावर गेले. लग्नसराईभर तू मशीनवर बसलास आणि उलट्या बाजूने कॉलरी लावल्यास. मोसम संपल्यावर सायबर कॅफे काढलास, तो लाइटच्या कटकटीत बुडाला. मग मोबाइल दुरुस्ती, ती चालली, शेवटपर्यंत बरी चालली. मी प्रत्येक वेळी येऊन म्हणायचो, आता तरी चाचांना त्या बाईचं सांग. तू म्हणायचास, कोनती बाई?

मला तुझी फार आठवण येते. आडवळणाने लिहिण्यात अर्थ नाही.

परवा मी चाचांकडे जाऊन बसलो. लोक येऊन गेले होते. ते दुकानात होते, शाळेचा एक शर्ट मशीनवर अर्धा शिवून ठेवलेला. मला बसायला त्यांनी स्टूल पुढे केलं. मग म्हणाले, "सुगत, तू त्याचा दोस्त. एक सांगतो. त्याले काईच पहिल्या खेपेत जमलं नाई. एकही गोष्ट. मी मास्टर अन् माह्या पोराची सारी जिंदगी उसवन्यातच गेली." राग नव्हता बोलण्यात. हिशोब संपल्यावर माणूस जसा बोलतो तसे बोलत होते.

तेव्हा मी तुझी कसम मोडली. तू वर बसून मला शिव्या घालत असशील तर घाल. मी म्हणालो, चाचा, तो सिनेमा आठवतो का, यानातली बाई? त्यांना आठवत होता. मी म्हणालो, ती बाई पहिल्या खेपेत पोचली नव्हती. आणि मग सगळं सांगितलं. बंडूभाऊ, ब्लेड, खिळ्यांवरचे तुकडे. दार पडून ती कशी मेली, फरशीतून कशी मेली, आगीत कशी मेली, आणि दर वेळी पेटीतून कशी उठली. कुठलंही मरण सोडलं नाही. मी आयुष्यात सांगितलेली ती सगळ्यात लांब गोष्ट असेल.

चाचांचे हात मशीनच्या चाकावर होते, ते त्यांनी मांडीवर घेतले.

"म्हनून बाही कोरी व्हायची," ते म्हणाले.

"हो. दर वेळी नवे कपडे."

"दर डावाले सुरूपासून?"

"सुरूपासून."

"अन् मांगचं सारं ध्यानात राह्यते तिच्या?"

"सगळं राहतं, चाचा."

"शकीलले मालूम होतं हे? त्या दिवशी माह्या बाजूले बसला होता तवा?"

मी होकाराची मान डोलावली. बाहेरून एक बाई ब्लाउजचं विचारायला आली, त्यांनी तिला हातानेच उद्या ये म्हणून सांगितलं. मी उठायच्या बेतात होतो. मला वाटलं ते रडतील, किंवा मला विचारतील की एवढी वर्षं गप्प का बसलात दोघं. त्यातलं काही झालं नाही. ते त्या बाईचाच विचार करत होते.

"थकत असन ना ती," ते म्हणाले.

त्या सिनेमावर आपण दोघं वर्षानुवर्षं बोललो, पोरांचे हात, मरणाचं मोल, मागे उभा राहणारा घोळका, सगळं झालं. हे आपल्याला सुचलं नव्हतं.

मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "शकील थकला होता का रे?"

"नाही चाचा," मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं. "तुले सांगतलं असतं त्यानं," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा लावला.

सांगितलं असतंस का? मी कधी विचारलं नव्हतं, शकील.